सेनापतींचे जाफना आणि रहिवाशांचे जाफना

शहरांतील युद्धाविषयी अलीकडे जे लिहिले जाते त्यात 'धडे' हा शब्द वारंवार आढळतो. स्तालिनग्राडचे धडे, ग्रोझ्नीचे धडे, मोसुलचे धडे. लढाई संपली की लष्करी विद्यालयांतून तिचे विच्छेदन होते, आणि पुढच्या अधिकाऱ्यांनी पाठ करावीत अशी पाचदहा कलमे हाती येतात. ही कलमे खोटी असतात असे आम्ही म्हणत नाही. परंतु ती ज्या ग्रंथांतून निघतात ते ग्रंथ कोणी लिहिले, लिहिताना लेखक शहराच्या कोणत्या बाजूस उभा होता, त्याला काय दिसत होते आणि काय दिसणे शक्यच नव्हते, हा वाङ्मयसमीक्षेचा अगदी साधा प्रश्न ह्या ग्रंथांना सहसा कोणी विचारीत नाही. तो आम्ही येथे एका लढाईपुरता विचारणार आहोत. ती लढाई परक्यांची नव्हे. आमच्याच सैन्याने ती ऑक्टोबर १९८७ मध्ये जाफन्यात लढलेली आहे.

हकीकत थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण तरुण वाचकांस ती ठाऊक असेलच असे नाही. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबो येथे राजीव गांधी आणि जयवर्धने ह्यांनी करारावर सह्या केल्या. तमिळ संघटनांनी शस्त्रे खाली ठेवावीत, श्रीलंकेच्या सैन्याने आपल्या छावण्यांत परतावे, आणि ह्या साऱ्यावर भारतीय शांतिसेनेने देखरेख करावी, असा तो बेत होता. जाफन्याच्या लोकांनी आमच्या जवानांच्या गळ्यांत हार घातले. अडीच महिनेही लोटले नाहीत तोच तेच सैन्य त्याच शहरात लढत शिरत होते. समोर होते तमिळ वाघ. त्यांच्यापैकी कित्येकांना पूर्वी भारताच्याच भूमीवर शस्त्रविद्या मिळाली होती. थोड्या दिवसांत हे काम उरकेल असा दिल्लीतील अंदाज होता. शहर हाती येण्यास दोन आठवड्यांहून अधिक काळ लागला आणि दोनशेंहून अधिक भारतीय सैनिक कामी आले. मार्च १९९० मध्ये शांतिसेना परतली तोवर हा आकडा बाराशेंच्या घरात गेला होता. बेळगावात केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणीही ह्या मोहिमेत होत्या. मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन हे महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी जाफन्याच्या परिसरात ते धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. ही लढाई, म्हणजे, आमच्या वाचकांपैकी काहींच्या घरातलीच आहे.

तिच्यावर सेनापतींनी लिहिलेले तीन ग्रंथ प्रमुख मानले जातात. संपूर्ण मोहिमेचे सूत्रधार लेफ्टनंट जनरल दीपिंदर सिंग, जे पुण्याच्या दक्षिण कमांडचे प्रमुख होते. जाफन्यावर प्रत्यक्ष चाल करणाऱ्या ५४ व्या डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल हरकिरत सिंग. आणि त्यांच्यानंतर त्याच डिव्हिजनची धुरा वाहणारे लेफ्टनंट जनरल सरदेशपांडे. सरदेशपांडे ह्यांचे 'असाइनमेंट जाफना' १९९२ मध्ये आणि हरकिरत सिंग ह्यांचा ग्रंथ बराच उशिरा, २००७ मध्ये निघाला. चौथे पुस्तक सैनिकाचे नाही. 'द ब्रोकन पामायरा', म्हणजे 'मोडलेला ताड', हे जाफना विद्यापीठातील चार अध्यापकांनी मिळून लिहिले आणि ते १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या तिहींतून लष्करी धडे काढले जातात. चौथे मानवी हक्कांच्या कपाटात ठेवले जाते. ही वाटणीच मुळात चुकीची आहे, आणि तीमुळे लष्करी धडादेखील अपुरा राहतो, असे आमचे मत आहे.

प्रथम सेनापतींकडे वळू. पानिपतानंतर मराठीत ज्या बखरी झाल्या त्यांत लढाईच्या वर्णनाइतकाच एक प्रश्न सारखा डोकावत असतो: दोष कोणाचा? सल्ला कोणी दिला, तो कोणी डावलला, कोण रुसून बसला? ह्या इंग्रजी आठवणी वाचताना आम्हांस त्या बखरींची आठवण झाली. कठोर मार्ग धरला तर सैन्य दीर्घकाळ बंडाळीत अडकून पडेल असा इशारा आपण वरिष्ठांस दिला होता, असे दीपिंदर सिंग सांगतात. बोलणी करण्यास आलेल्या प्रभाकरनला ठार करण्याची सूचना आपणांस भारतीय उच्चायुक्तांकडून आली आणि आपण ती मानली नाही, असे हरकिरत सिंग लिहितात. ते उच्चायुक्त म्हणजे दीक्षित. त्यांनीही पुढे आपल्या आठवणी लिहिल्या, आणि त्यांच्या पुस्तकाचे नाव 'असाइनमेंट कोलंबो'! दोघांनाही तोच शब्द सुचावा हा योगायोग आम्हांस बोलका वाटतो. सोपविलेली कामगिरी ह्या अर्थाचा तो शब्द आहे. कामगिरी सोपविणारा वेगळा आणि ती भोगणारा वेगळा, हे त्यात आपसूकच येते.

आत्मसमर्थनाचा हा भाग बाजूला सारला तरी ह्या तिन्ही ग्रंथांत शिकण्यासारखे पुष्कळ उरते. सैन्य शांतता राखण्यासाठी गेले होते, म्हणून त्याची तयारी बेताची; पलटणी घाईने विमानांतून उतरविलेल्या, त्यांतील कित्येक जवान रजेवर; हाती जुने नकाशे; शत्रूची संख्या, त्याची शस्त्रे, त्याचे मनोबल ह्यांविषयीची गुप्तवार्ता जवळजवळ शून्य. ह्या साऱ्याचा परिपाक ११ ऑक्टोबरच्या रात्री विद्यापीठाच्या मैदानावर झाला. वाघांच्या म्होरक्यांस एका झडपेत पकडावे म्हणून हेलिकॉप्टरांतून कमांडो आणि शीख लाइट इन्फंट्रीच्या तेराव्या पलटणीची एक तुकडी तेथे उतरविण्यात आली. बेताचा सुगावा शत्रूस आधीच लागला होता असे मागाहून सांगण्यात आले. हेलिकॉप्टरांवर असा मारा झाला की पुढच्या फेऱ्या थांबल्या. शिखांच्या तुकडीतील तीस जण उतरले होते ते तेवढेच राहिले. त्यांपैकी एकोणतीस मारले गेले, एक जिवंत हाती लागला. कमांडोंना सोडविण्यास रणगाडे आले ते सुरुंगांनी भरलेले रस्ते टाळून, आगगाडीच्या रुळांच्या वाटेने. शौर्याची ही कथा कोणी कितीही कोरडेपणाने सांगो, वाचकाचा कंठ दाटल्याशिवाय राहत नाही. मात्र अशा कथेचा एक दोषही आहे. ती वाचकाची सारी सहानुभूती आणि सारे लक्ष एका मैदानावर खिळवून ठेवते. त्या मैदानाभोवतीच्या घरांत त्या रात्री कोण बसले होते हे विचारण्याचे भानच राहत नाही.

ही घरे कशी होती ते पाहणे अगत्याचे आहे. शहरातील युद्ध म्हटले की डोळ्यांपुढे स्तालिनग्राडचे कारखाने आणि मोडक्या इमारतींचे मजले उभे राहतात. जाफना तसे नव्हते. गोव्यातल्या किंवा कोकणातल्या वाचकास ते अधिक सहज कळेल. बैठी कौलारू घरे, प्रत्येकाचे स्वतंत्र आवार, आवारात विहीर, माडताडांची झाडे, आणि आवाराला ताडपत्रांचे उंच कुंपण. दोन कुंपणांमधून जाणारी अरुंद पाणंद. १९८१ च्या शिरगणतीत ह्या शहराची वस्ती सुमारे एक लाख अठरा हजार होती. वाघांनी रस्त्यांच्या पोटात सुरुंग पेरले आणि त्यांच्या तारा कुंपणांआड नेल्या. कुंपणामागचा पोरगा तार जोडी आणि रस्त्यावरची गाडी उडे. यावर सैन्याने जो तोड काढला तो प्रत्येक लष्करी पुस्तकात धडा म्हणून सापडेल: रस्त्याने जाऊ नये, आवारांतून जावे.

हा धडा जुनाच आहे. डिसेंबर १९४३ मध्ये इटलीतील ओर्तोना गावात कॅनडाच्या सैनिकांनी रस्ता सोडला आणि एका घराची भिंत फोडून शेजारच्या घरात, तेथून पुढच्या घरात, असा मार्ग काढला. त्याच आघाडीवर शेजारी आठवी भारतीय डिव्हिजन लढत होती आणि तीत मराठा पलटणही होती, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते. धडा अचूकच आहे. त्याने जवानांचे प्राण वाचतात. परंतु 'रस्त्याने जाऊ नये' ह्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग कोणत्याही सेनापतीच्या ग्रंथात पुरता लिहिलेला नसतो. रस्त्याने जायचे नाही म्हणजे कोणाच्या तरी मागील दारातून जायचे. तेथे चूल असते, आजारी म्हातारी असते, दहा वर्षांचे पोर असते. आवार ओलांडणाऱ्या जवानाच्या मनात काल उडालेल्या सोबत्याचे प्रेत असते, आणि घरातल्या माणसास त्याची भाषा येत नसते. अडीच महिन्यांपूर्वी त्याला हार घालणारी बाई हीच असेल. त्याला ते ठाऊक नाही. शहरातील युद्धाचे सारे तंत्र ह्या एका भेटीत येऊन ठेपते.

ती भेट आतल्या बाजूने लिहून ठेवण्याचे काम 'मोडलेला ताड' ह्या पुस्तकाने केले आहे. राजन हूल आणि श्रीधरन हे गणिताचे अध्यापक, दया सोमसुंदरम मनोविकारतज्ज्ञ, आणि राजनी तिरणगम शरीररचनाशास्त्राच्या विभागप्रमुख. पुस्तकाची बांधणी एकजीव नाही. चार हात दिसतात, राजकीय इतिहासाची प्रकरणे लांबलेली आहेत, आणि तमिळ संघटनांच्या आपापसांतील वैरांचा गुंता बाहेरच्या वाचकास दमवितो. पण ऑक्टोबरच्या त्या दिवसांपाशी आले की लेखणी बदलते. तक्रार नाही, आक्रोश नाही. शरीरशास्त्राच्या टिपणासारखे, कोण कोठे होते, किती वाजता काय ऐकू आले, कोण कोठे पडले. बाईंनी युद्धातील स्त्रियांवर जे प्रकरण लिहिले आहे ते तर ह्या विषयावरील कोणत्याही वाङ्मयात वरच्या पंक्तीला बसावे.

२१ ऑक्टोबर हा तमिळ दीपावलीचा दिवस. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाफन्याच्या मोठ्या इस्पितळात रोगी, परिचारिका, डॉक्टर आणि इतर नोकर मिळून साठ-सत्तर माणसे भारतीय सैनिकांच्या गोळ्यांनी मेली. प्रेतांमध्ये प्रेतासारखे पडून राहिलेल्यांनी मागाहून हकीकत सांगितली. दुसऱ्या सकाळी एक बालरोगतज्ज्ञ हात वर करून, आपण कोण ते ओरडून सांगत बाहेर आले. तेही मारले गेले. इस्पितळातून गोळीबार झाला आणि दोन्हींकडच्या माऱ्यात माणसे सापडली, अशी सैन्याची बाजू होती. पुस्तकाने ही बाजू नुसती झटकून टाकलेली नाही. त्याआधी काही वाघ शस्त्रे घेऊन इस्पितळात शिरले होते आणि डॉक्टरांना त्यांची मनधरणी करावी लागली, हेही त्यात स्वच्छ नोंदले आहे. आपल्याच माणसांविरुद्ध जाणारी गोष्ट लिहिणाऱ्याची दुसरी गोष्ट विश्वासार्ह ठरते. साक्षीचा हा नियम न्यायालयाइतकाच समीक्षेतही खरा आहे.

आणि येथेच ह्या पुस्तकाचे लष्करी मोल आम्हांस दिसते. लेखकांचा आरोप असा की वाघांनी दाट वस्तीतून मारा केला तो नाइलाजाने नव्हे. सैन्याच्या प्रत्युत्तरात रहिवासी मरतील आणि मेले की उरलेले आपल्याकडेच येतील, हा त्यांचा हिशेब होता. करारानंतर लोक युद्धाला कंटाळले होते, वाघांच्या दंडेलीलाही कंटाळले होते. ऑक्टोबरनंतर ती कुरकुर बंद झाली. सेनापतींच्या ग्रंथांत महिनाअखेरीस शहर पडते, नकाशावर रंग बदलतो, वाघ वन्नीच्या रानाकडे निसटतात, आणि पुढची अडीच वर्षे सैन्य ज्या दलदलीत रुतले तिचे खापर दिल्लीवर, कोलंबोवर, गुप्तवार्ता खात्यावर फुटते. चौथ्या पुस्तकात दिसते ते असे की शहर पडले त्याच आठवड्यात वाघांनी काहीतरी जिंकले होते, आणि ते त्यांना आमच्याच बंदुकांनी मिळवून दिले होते. हा निष्कर्ष लष्करी नाही तर कोणता? शत्रूचे प्रमुख शस्त्र जर आमचा संताप असेल, तर सुरुंग शोधण्याच्या यंत्राइतकेच जवानाच्या संतापावर ताबा ठेवणाऱ्या नायकाचे मोल असले पाहिजे. सरदेशपांडे ह्यांस ही जाणीव इतर दोघांहून अधिक आहे. शत्रूची शिस्त आणि निष्ठा ते कमी लेखीत नाहीत, आपल्या सैन्याच्या उणिवा झाकीत नाहीत. पण ते जाफन्यास पोहोचले ते शहराची लढाई होऊन गेल्यावर. त्यामुळे त्यांच्या पुस्तकातही रहिवासी भेटतात ते लढाईनंतरचे, मुके झालेले.

देवळांविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून आमच्याने पुढे जाववत नाही. जाफन्याचे नल्लूर येथील कंदस्वामीचे, म्हणजे कार्तिकेयाचे, मंदिर प्रसिद्ध आहे. १६२१ मध्ये पोर्तुगिजांनी तेथील पहिले देऊळ पाडले. जाफन्याचा अखेरचा राजा संकिली ह्याला कैद करून गोव्यात आणले आणि तेथे देहान्त शासन दिले. कुठ्ठाळीहून मंगेश आणि केळशीहून शांतादुर्गा ज्यांच्या भयाने खाडीपलीकडे न्यावी लागली, त्यांच्याच हाताची ती करणी. अठराव्या शतकात ते देऊळ पुन्हा उभे राहिले. सप्टेंबर १९८७ मध्ये तिलीपन नावाच्या वाघांच्या तरुण पुढाऱ्याने त्याच देवळापाशी पाण्याचा थेंबही न घेता उपोषण आरंभिले आणि बाराव्या दिवशी प्राण सोडला. ते पाहण्यास लोटलेली गर्दी ही येऊ घातलेल्या लढाईची पहिली वर्दी होती. ती वाचता येणारा कोणी आमच्या गुप्तवार्ता खात्यात नव्हता. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत त्याच देवळाच्या आवारात हजारो कुटुंबे जीव मुठीत धरून बसली होती. कोणी तेथे प्रसूत झाले असेल, कोणी मेले असेल. देऊळ ते सारे पोटात घेते. कोकुविल येथील हिंदू कॉलेजातही अशीच छावणी होती. तीवर तोफांचा मारा होऊन आश्रितांपैकी काहीजण ठार झाले, असे ह्या पुस्तकात नोंदले आहे. लष्करी पुस्तकांत आश्रयस्थान हे नकाशावरचे एक चिन्ह असते, बहुधा 'मारा करू नये' अशा यादीतले. ते चिन्ह तोफखान्याच्या नकाशावर वेळेत उमटते की नाही, ह्यावर माणसे जगतात. इतका बारीक तपशील ज्यातून शिकावा, असे प्रकरण तिन्ही सेनापतींपैकी एकानेही लिहिलेले नाही, हे आम्हांस फार खटकते.

ही गोष्ट जाफन्यापुरती किंवा आमच्या सैन्यापुरती नाही, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. मोसुलची लढाई ऑक्टोबर २०१६ पासून जुलै २०१७ पर्यंत चालली. आरंभी रहिवाशांनी घरांतच थांबावे असे सांगण्यात आले होते. १७ मार्च २०१७ रोजी पश्चिम मोसुलमधील एका घरावर, छपरावरील दोन नेमबाजांसाठी, अमेरिकेच्या विमानाने बॉम्ब टाकला. त्या घरात शेजारपाजारची माणसे आसऱ्यास जमली होती. शंभरांहून अधिक मेली. घरात शत्रूने आधीच स्फोटके ठेवली होती असे अमेरिकेच्या चौकशीत पुढे आले. म्हणजे तेथेही शत्रूचा हिशेब जाफन्यातल्यासारखाच, आणि तेथेही तो पुरा करण्यास समोरच्याचेच शस्त्र उपयोगी पडले. तीस वर्षांत शस्त्रे कितीतरी नेमकी झाली. छपराखाली कोण आहे हे छपरावरून दिसत नाही, एवढे मात्र बदलले नाही.

'मोडलेला ताड' लिहिणाऱ्यांवर एक आक्षेप घेता येईल, आणि आम्ही तो घेतो. त्यांच्या पानांत भारतीय जवान क्वचितच माणूस म्हणून पुरता उभा राहतो. चांगला वागलेला शिपाई भेटतो, क्रूर वागलेला भेटतो. पण ज्या पोराला काल सकाळी दूरच्या छावणीतून विमानात बसविले, ज्याला आपण कोणाशी आणि कशासाठी लढतो हे कोणी धड सांगितले नाही, ज्याच्या पायाखालचा रस्ता केव्हाही फुटू शकतो, त्याचे अंतरंग त्यांस दिसले नाही. ते दिसणे शक्यही नव्हते. लेखक कुंपणाच्या दुसऱ्या बाजूस होते. तो भाग सेनापतींकडून घ्यावा लागतो. म्हणून ही चार पुस्तके एकत्र, शेजारी शेजारी ठेवून वाचावीत, एकाचे पान संपले की दुसऱ्याचे त्याच तारखेचे उघडावे, असे आमचे सांगणे आहे.

राजनी तिरणगम ह्यांनी पुस्तक छापून झालेले पाहिले नाही. २१ सप्टेंबर १९८९ रोजी विद्यापीठातून सायकलवरून घरी जाताना त्यांस गोळ्या घातल्या गेल्या. हे कृत्य वाघांचेच, असे त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे लिहिले. शांतिसेना तेव्हा जाफन्यातच होती. बाईंनी तिच्या अत्याचारांवर लिहिले होते, आणि वाघांच्याही. आमच्या भाषेत श्रीलंकेच्या युद्धावर जे थोडेबहुत लिहिले गेले त्यात परमेश्वरन ह्यांच्या शौर्याची कथा येते आणि ती यावीच. बाईंचे नाव मात्र आमच्या वाचनात फारसे आलेले नाही. एखाद्या मराठी प्रकाशकाने हे पुस्तक भाषांतरास हाती घेतले तर राजकीय इतिहासाची प्रकरणे खुशाल संक्षिप्त करावीत. ऑक्टोबरची प्रकरणे आणि बाईंचे स्त्रियांवरील प्रकरण ह्यांतील एकही ओळ गाळू नये, आणि त्यांच्याखाली टीपा म्हणून त्याच दिवसांचे सरदेशपांडे, हरकिरत सिंग व दीपिंदर सिंग ह्यांचे उतारे छापावेत.